कॅन्सर निघाला नाही, म्हणून दावा नामंजूर? दावे तपासणाऱ्या डॉक्टरांना खुले पत्र

आरोग्य विमा कंपन्यांत आणि त्यांच्या वतीनं दावे हाताळणाऱ्या संस्थांत, म्हणजे टीपीएत, बसून दावे तपासणाऱ्या सर्व डॉक्टरांस,

सप्रेम नमस्कार.

मी रत्नागिरीतल्या एका नर्सिंग होमच्या बिलिंग काउंटरवर गेली अकरा वर्षं काम करते. उपचाराआधी मंजुरी मागणारा अर्ज, म्हणजे प्री-ऑथ, भरणं, तुमच्या क्वेरींना म्हणजे शंकांना उत्तरं देणं, डिस्चार्जच्या दिवशी फायनल अप्रूव्हल येईपर्यंत नातेवाइकांची समजूत काढणं, हे माझं रोजचं काम. तुमच्यापैकी कोणाचा आवाज मी आजवर ऐकलेला नाही, पण तुमचे शब्द रोज वाचते. त्यातलं एक वाक्य आता पाठ झालंय: ‘ॲडमिशन प्रायमरिली फॉर इन्व्हेस्टिगेशन अँड इव्हॅल्युएशन.’ म्हणजे पेशंट मुख्यतः तपासण्यांसाठीच दाखल झाला, म्हणून पैसे नाहीत. त्या एका वाक्याबद्दल हे पत्र आहे.

माझी आत्या गुहागर तालुक्यात राहते. वय सत्तावन्न. पाळी जाऊन सहा वर्षं झाली. गेल्या पावसाळ्यात तिच्या अंगावरून जायला लागलं. थोडं थोडं, डाग पडावेत इतपत. आमच्याकडच्या बायका करतात तेच तिनं केलं. आधी लपवलं, मग उष्णता म्हणून सब्जाचं पाणी प्यायली, आणि दीड महिन्यानं फोनवर भलतंच काही बोलता बोलता हळूच सांगितलं. मी तिला सोनोग्राफीला लावून दिलं. गर्भाशयाच्या आतल्या अस्तराची जाडी नऊ मिलिमीटर निघाली.

तुम्ही डॉक्टर आहात, तुम्हाला मी काय सांगायचं? तरी हे पत्र इतरही वाचतील, म्हणून सांगते. पाळी बंद झालेल्या बाईला रक्तस्राव झाला आणि अस्तर चार मिलिमीटर किंवा त्याहून पातळ असेल, तर कॅन्सरची शक्यता फारच कमी असते. त्याहून जाड असेल तर तुकडा घेऊन तपासावा लागतो. अशा रक्तस्रावामागे कॅन्सर असण्याचं प्रमाण जगभरच्या अभ्यासांचा मेळ घातला तर साधारण नऊ टक्के येतं. आणि उलट बाजूनं पाहिलं, तर पाळी गेल्यावर ज्यांना अस्तराचा कॅन्सर होतो त्यांच्यातल्या दहापैकी नऊ जणींना आधी अंगावरून गेलेलं असतं. म्हणजे शरीर वेळेवर हाक मारतं. ती ऐकून आत बघायला हवं.

आमच्या डॉक्टरांनी दुर्बिणीनं बघायचं ठरवलं. हिस्टेरोस्कोपी. अगदी बारीक दुर्बीण, सलाइननं पिशवी फुगवायची, स्क्रीनवर चारी बाजू बघायच्या आणि शंका वाटेल तिथला तुकडा घ्यायचा. नुसतं क्युरेटिंग, म्हणजे अस्तर खरवडून काढणं, केलं तर ते आंधळेपणानं होतं, कोपऱ्यातला पॉलिप, म्हणजे अस्तरावरची छोटी वाढ, हातून सुटू शकतो, हे त्यांनी आत्याला कागदावर चित्र काढून समजावलं.

ठरलेल्या दिवशी ती पहाटे उठून, तोंडात पाण्याचा थेंबही न घेता तवसाळच्या जेट्टीवर आली. फेरीबोटीनं खाडी ओलांडून जयगडला, तिथून एसटीनं रत्नागिरीला. ऑपरेशन थिएटरमध्ये नेण्याआधी नर्सनं तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्यांवर चिकटपट्टी गुंडाळली, कारण काढायच्या नव्हत्या. भूल दिली, पाऊण तासात ती बाहेर आली. फॉर्मेलिनच्या छोट्या बाटलीत तांदळाच्या कण्यांएवढे चार तुकडे होते. मीच त्या बाटलीवर नाव लिहिलं.

तोवर तुमचा नकार येऊन पडला होता. वेळेबद्दल माझी तक्रार नाही. मे २०२४ च्या परिपत्रकात विमा नियामकानं कॅशलेसचा, म्हणजे पेशंटनं पैसे न भरता विम्यातून परस्पर बिल भागवण्याचा, निर्णय एका तासात द्यायला सांगितलं आहे आणि तुम्ही तासाच्या आतच दिलात. कारण लिहिलं होतं, वर दिलेलं वाक्य. आत्येभावानं पैसे भरले. शस्त्रक्रियागृह ६,०००, डॉक्टर १२,०००, भूल ४,५००, दुर्बिणीचं साहित्य ३,५००, खोली १,५००, औषधं २,६४०, पॅथॉलॉजी १,६००. एकूण ३१,७४० रुपये. पॉलिसी पाच वर्षं जुनी, एकही हप्ता चुकलेला नाही. आंब्याचे पैसे हातात आले की पहिला तो हप्ता जातो त्यांच्या घरात.

मग रिएम्बर्समेंटला, म्हणजे भरलेले पैसे परत मिळवायला, फाइल लावली. पहिली क्वेरी: २४ तास का पूर्ण झाले नाहीत? उत्तर दिलं की ही डे केअर प्रोसिजर आहे, आणि भूल देऊन, नव्या तंत्रामुळे २४ तासांच्या आत होणारे उपचार डे केअरमध्ये धरायचे हे पॉलिसीच्या व्याख्येतच लिहिलंय. दुसरी क्वेरी: सोनोग्राफीचा मूळ रिपोर्ट पाठवा. तो आधीच जोडलेला होता, पुन्हा पाठवला. तिसरी क्वेरी: हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट, म्हणजे तुकड्यांच्या तपासणीचा अहवाल, पाठवा. तो आठवड्यानं आला. अस्तराची साधी वाढ, पेशींमध्ये बिघाड नाही, कॅन्सर नाही. घरात त्या दिवशी गोडाचं झालं. मी तो रिपोर्ट स्कॅन करून तुम्हाला पाठवला आणि बाराव्या दिवशी कायमचं नामंजुरीचं पत्र आलं: कोणताही आजार निष्पन्न झाला नाही, सबब दाखल होणे हे केवळ तपासणीसाठी होते.

आत्याला मी फोनवर सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, “बाय गो, म्हणजे त्यांना काय माझ्या अंगात कॅन्सरच निघायला हवा होता काय?”

तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे आहे का, हे मला विचारायचं आहे.

तुम्ही ज्या कलमावर बोट ठेवता ते मला ठाऊक आहे. विमा कोणते खर्च देत नाही त्या प्रमाणित वगळण्यांच्या यादीतलं चौथं. त्याचे दोन भाग आहेत. फक्त तपासण्यांसाठीच कोणी दाखल झालं असेल तर खर्च मिळणार नाही, हा पहिला. आणि चालू निदानाशी व उपचाराशी ज्यांचा संबंध नाही अशा तपासण्यांचा खर्च मिळणार नाही, हा दुसरा. दोन्ही भाग एकत्र वाचले की कलमाचा रोख कळतो. ओपीडीत होण्यासारख्या रक्त-लघवीच्या, एमआरआयच्या तपासण्या केवळ विम्यातून निघाव्यात म्हणून कोणी दोन दिवस खाटेवर झोपत असेल, तर ते थांबवायला हे कलम आहे. तेही रास्त आहे, कारण त्या पैशाचा भार शेवटी सगळ्यांच्या हप्त्यावर पडतो. पण भूल देऊन, शस्त्रक्रियागृहात, गर्भाशयात दुर्बीण घालून मांसाचा तुकडा काढणं आणि तेही रक्त जाणाऱ्या बाईच्या, हे त्या कलमात कसं बसतं?

‘आजार निष्पन्न झाला नाही’ हे तर सरळच चुकीचं आहे. लग्नाआधी दोन वर्षं मी ऐरोलीत रात्रपाळी करून अमेरिकेतल्या दवाखान्यांच्या दाव्यांना आजारांचे आणि उपचारांचे कोड देत असे, म्हणून हे जरा खात्रीनं बोलते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात, आयसीडी-१० मध्ये, पाळी बंद झाल्यानंतरच्या रक्तस्रावाला स्वतःचा कोड आहे: एन ९५.०. तुमच्याच फॉर्मवर आयसीडी कोडचा रकाना असतो आणि मी तिथे एन ९५.० लिहिला होता. माझ्या आत्याला आजार होता आणि त्याचं नाव पहिल्या दिवसापासून तुमच्या कागदावर होतं. त्यामागचं कारण साधं निघालं, हे तिचं नशीब. आजारच नव्हता, असा त्याचा अर्थ होत नाही.

दुसरी गोष्ट प्रोसिजरच्या नावाची. अमेरिकेत डॉक्टरांच्या प्रत्येक कामाला पाच आकडी कोड असतो. हिस्टेरोस्कोपी करून नुसतं बघितलं आणि बाहेर आलात, तर ५८५५५, म्हणजे डायग्नोस्टिक. पण आत गेल्यावर अस्तराचा तुकडा घेतला किंवा पॉलिप काढला, तर तो ५८५५८ होतो, मग क्युरेटिंग केलं असो वा नसो. या दुसऱ्या कोडच्या वर्णनात शब्द आहे ‘सर्जिकल’. बघण्याचं काम त्यातच धरलेलं असतं, त्याचे वेगळे पैसे लावता येत नाहीत आणि क्युरेटिंगचा ५८१२० हा कोडही सोबत जोडता येत नाही. आम्हाला प्रशिक्षणात पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं की ऑपरेशन नोटचं शीर्षक वाचून कोड द्यायचा नाही, खाली डॉक्टरांनी हातानं काय केलं ते वाचून द्यायचा. आत्याच्या नोटमध्ये शीर्षक होतं ‘डायग्नोस्टिक हिस्टेरोस्कोपी’ आणि खाली चौथ्या ओळीत चार ठिकाणचे तुकडे घेतल्याचं स्वच्छ लिहिलं होतं. तुम्ही चौथ्या ओळीपर्यंत गेला होतात का?

अमेरिकेतली व्यवस्था आदर्श आहे, असं मला अजिबात म्हणायचं नाही. तिथली बिलं बघून माझे डोळे पांढरे व्हायचे आणि नकार तिथेही ढिगानं येत. पण नकाराला नंबर असायचा. सीओ-५० म्हणजे वैद्यकीय गरज पटली नाही. सीओ-११ म्हणजे निदान आणि प्रोसिजर जुळत नाही. सीओ-९७ म्हणजे या कामाचे पैसे दुसऱ्या कामात आलेले आहेत. नंबर बघितला की कुठला कागद काढायचा आणि कशाला उत्तर द्यायचं ते कळायचं. इथे मी एका वाक्याला उत्तर देते, तर पुढच्या पत्रात वाक्यच बदललेलं असतं.

आता आमच्या बाजूचं. चूक आमचीही आहे आणि ती लपवून मला तुमच्याशी भांडायचं नाही. बिलावर ‘डायग्नोस्टिक हिस्टेरोस्कोपी’ हे शब्द मी स्वतः टाकले. आमच्या सॉफ्टवेअरच्या यादीत गर्भाशयाच्या कामांची तीनच नावं होती: डी अँड सी म्हणजे क्युरेटिंग, डायग्नोस्टिक हिस्टेरोस्कोपी, आणि हिस्टेरेक्टॉमी म्हणजे पिशवी काढणं. त्यातलं जवळचं निवडलं आणि पुढे गेले. डिस्चार्ज कार्डावर आमच्या सरांनी लिहिलं होतं, ‘रूल आउट मॅलिग्नन्सी’, म्हणजे कॅन्सर नाही ना ते बघा. ऐरोलीत असते तर ते वाचून मी थांबले असते, कारण ‘शक्यता आहे’, ‘संशय आहे’, ‘रूल आउट’ अशा शब्दांवर तिथल्या ओपीडीच्या आणि डे केअरच्या दाव्यांत कोड देता येत नाही. जे नक्की माहीत आहे तेवढंच धरायचं. नक्की माहीत होतं ते एवढं: रक्तस्राव आहे, अस्तर नऊ मिलिमीटर आहे, भूल देऊन दुर्बिणीखाली तुकडे घेतले.

यादी मी दुसऱ्याच दिवशी दुरुस्त केली. रत्नागिरी, चिपळूण, दापोली, कणकवली, कुडाळ, जिथे जिथे हे पत्र पोचेल तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना आणि माझ्यासारखं काउंटरवर बसणाऱ्यांना हात जोडून सांगणं आहे की डिस्चार्ज कार्डावर ‘फॉर इव्हॅल्युएशन’ लिहायची सवय सोडा. बाईला काय त्रास होता, किती दिवस, सोनोग्राफीत काय दिसलं, भूल कोणती दिली, आत काय पाहिलं, काय काढलं, हे पाच ओळींत लिहा. तुमची घाई मला दिसते, ओपीडीबाहेर चाळीस बायका बसलेल्या असतात. पण त्या पाच ओळींवर एखाद्या घराचा वर्षाचा हप्ता वसूल व्हायचा की बुडायचा ते ठरतं.

आणि खोटं मात्र लिहू नका. आत्याच्या वेळी विमा एजंटानं सुचवलं होतं, “पॉलिप काढला असं लिहून घ्या, लगेच पास होईल.” सरांनी नाही म्हटलं, मीही नाही म्हटलं. नसलेला पॉलिप लिहिला की तो तिच्या कागदांवर जन्मभर राहतो. पुढच्या वेळी तिला पुन्हा रक्त गेलं, तर तो खोटा पॉलिप वाचून दुसरा डॉक्टर चुकीच्या वाटेनं जाईल. पण दावे तपासणाऱ्या डॉक्टरांनो, खरं लिहिणाऱ्याचा दावा फेटाळून आणि खोटं लिहिणाऱ्याचा पास करून तुम्ही आम्हाला काय शिकवताय, याचा विचार करा.

माझी खरी काळजी याच्याही पुढची आहे. अकरा वर्षांत पिशवी काढण्याच्या ऑपरेशनचे किती प्री-ऑथ माझ्या हातून गेले असतील, मोजलेले नाहीत. सुरुवातीची प्रतीक्षेची वर्षं, ज्यांत अशा ऑपरेशनचे पैसे मिळत नाहीत, ती उलटलेली असली की ते बहुतेक सरळ पास होतात. चार दिवस मुक्काम, मोठं बिल, तरी पास. आणि पिशवीच्या आत बघून ती वाचवता येते का हे ठरवणाऱ्या तीस हजारांच्या प्रोसिजरला नकार. गावातल्या बाईला कलम कळत नाही, पण हा हिशेब बरोबर कळतो. “दुर्बिणीचे पैसे मिळत नाहीत, मग पिशवीच काढून टाका,” हे वाक्य माझ्या काउंटरसमोर उभं राहून बायकांनी म्हटलेलं आहे. चाळिशीतल्या बायकांनी. बीडच्या ऊसतोड बायकांच्या काढलेल्या पिशव्यांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला, राज्य सरकारनं समिती नेमली. केंद्रानं २०२२ मध्ये अनावश्यक हिस्टेरेक्टॉमी टाळण्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२३ मध्ये ती तीन महिन्यांत लागू करा असं राज्यांना बजावलं. इतकं सगळं होऊनही, पिशवी काढायच्या आधी तिच्यात नीट डोकावून बघायचे पैसे द्यायला आपण तयार नाही.

ओपीडीत बारीक प्लास्टिकच्या नळीनं, भूल न देता अस्तराचा नमुना घेता येतो, तो पर्याय का नाही, असं तुमच्यापैकी कोणी विचारेल. प्रश्न योग्य आहे. अनेकींना तो पुरतो आणि आमच्याकडे होतोही. पण आत्याची पिशवीची वाट आकसलेली होती, नळी आत जाईना. ते ओपीडी पेपरवर लिहिलेलं होतं आणि तो पेपरही फाइलमध्ये होता. शिवाय बहुतेक पॉलिसी ओपीडीचा एक पैसाही देत नाहीत, मग साध्या नळीनं होणारं कामही दाखल होऊन करण्याचा मोह पेशंटला आणि दवाखान्याला पडतो. तो मोह तुमच्या नियमांनीच तयार केलाय. ओपीडीतल्या त्या नमुन्याचे दीड-दोन हजार तुम्ही द्यायला लागलात, तर तुमचे पुढचे कितीतरी हजार वाचतील.

विमा लोकपालांकडे जाता येतं, फी नाही, वकील लागत नाही, सुनावणी व्हिडिओवर होऊ शकते, हे मी प्रत्येक कुटुंबाला सांगते. आत्यालाही सांगितलं. ती म्हणाली, “बरी आहे ना मी, मग कशाला भांडू?” तिचा अर्ज मी तरीही भरला आहे, तिच्या सहीनं. त्याचं काय व्हायचं ते होईल. हे पत्र तेवढ्यासाठी नाही.

मला तुमच्याकडून हवं आहे ते असं. दुर्बीण आत घालताना डॉक्टरांना जे माहीत होतं, त्यावर दावा तपासा. आठ दिवसांनी आलेल्या रिपोर्टवर तपासू नका. बाईला रक्तस्राव आहे, अस्तर जाड आहे, भूल देऊन तुकडा घेतला आहे, एवढं दिसलं की ते तपासणीसाठी दाखल होणं नव्हे, हे तुमच्या डे केअरच्या यादीत स्पष्ट शब्दांत छापा, ‘हिस्टेरोस्कोपी व अस्तराची बायोप्सी’ असं नाव घालून. काय कागद हवेत ते एकदाच विचारा. दावा समीक्षा समितीच्या मंजुरीशिवाय नाकारायचा नाही आणि नाकारताना पॉलिसीची नेमकी अट दाखवायची, हे २०२४ च्या त्याच परिपत्रकात आहे. तर त्या समितीत आमची फाइल कोणी वाचली, तो स्त्रीरोगाचा जाणकार होता का, हे पत्रावर येऊ द्या. तुमचा वैद्यकीय नोंदणी क्रमांकही खाली असू द्या. आमच्या सरांचा प्रत्येक कागदावर असतो.

आत्याच्या वाडीतली तिची एक मैत्रीण आहे, वय चोपन्न. तिच्याही अंगावरून जातंय, दोन महिने झाले. सोनोग्राफी झाली आहे, अस्तर अकरा मिलिमीटर. तिची पॉलिसीही आहे. पण आत्याचं काय झालं ते सगळ्या वाडीला ठाऊक आहे, म्हणून ती म्हणत होती, “आंब्याचे पैसे आल्यावर बघू.” आंबा निघून पैसे हातात यायला अजून पाच महिने आहेत. मी परवा रात्री तिच्याशी अर्धा तास बोलले आणि तिला येत्या गुरुवारी बोलावलं आहे. पहिल्या फेरीनं येईल. तिचा प्री-ऑथ सकाळी दहाच्या सुमारास माझ्या टेबलावरून निघेल, निदान एन ९५.०, प्रोसिजर हिस्टेरोस्कोपी आणि अस्तराची बायोप्सी, सोबत सोनोग्राफीचा रिपोर्ट. तुमच्यापैकी ज्यांच्या स्क्रीनवर तो येईल, त्यांनी कृपया शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा.

आपली,
बिलिंग काउंटरवरची एक कर्मचारी,
रत्नागिरी